आक्काला वसई दाखवली

आमच्याकडे बोळिंजला पाहुणा आला की त्याला वसईचा किल्ला दाखवायचा, हा नेम आहे. एरवी वर्षानुवर्षं तिकडे कुणी फिरकत नाही. पाहुणा गेला की आमचा किल्लाही संपतो.

गेल्या थंडीत माझी थोरली बहीण, आक्का, माणदेशातून आली तेव्हा तर मी कंबरच कसली होती. दाजी गेल्यापासून ती गावी एकटी, मी इथे एकटी, आणि माझ्या दारासमोरचा फ्लॅट भाडेकरूच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. तिने तिथे राहायला यावं, एवढंच मला हवं होतं. पण तिची अट ठरलेली. "जन्मभर पाणी वाहिलं. आता जाईन तर नळ सोडला की पाणी येतं तिथंच."

आता आमच्या सोसायटीत पाणी येतं दिवसाआड, तेही स्वतःच्या मर्जीने. ते आलं की माणूस पंगतीतून उठून घरी पळतो, आणि यजमानाला राग येत नाही, कारण तो आधीच पळालेला असतो. हे आक्काला सांगायची काय गरज? तिच्या खोलीतल्या रिकाम्या निळ्या पिंपावर मी चादर टाकली, वर फुलदाणी ठेवली. आल्या आल्या तिने त्यावर चहाचा कप ठेवला. "उंच आहे गं टेबल," ती म्हणाली. मी म्हटलं, "हल्ली तसलीच फॅशन आहे."

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून निघालो, अर्थात पश्चिमेच्या गावागावांतून. पूर्वेकडच्या गोखिवऱ्याचे कारखाने आणि पाण्याचे टँकर पाहुण्यांच्या वसईत येत नाहीत. मी पांढरीशुभ्र चर्चं दाखवली, केळीच्या वाड्या दाखवल्या. आक्का नुसतं "बरं" म्हणायची. एका वाडीपाशी मात्र तिने रिक्षा थांबवली. तिथे बावखल होतं, म्हणजे इथल्या वाड्यांतलं जुनं तळं, काठोकाठ भरलेलं. आक्का बघतच राहिली. "एवढं पाणी, आणि एक घागर दिसत नाही," ती म्हणाली. "बघ ना," मी म्हटलं. मला लाज वाटली, पण ती जेमतेम किल्ल्याच्या दरवाजापर्यंत टिकली.

किल्ल्यात एकेका कमानीखाली एकेक लग्न ठरलेलं जोडपं फोटोसाठी नटूनथटून उभं. पोर्तुगीजांना इथून हलवायला मराठ्यांना केवढं लढावं लागलं; आम्हाला हलवायला एका फोटोग्राफरचं "आंटी, जरा साइडला" पुरलं. शेवटी एक मोकळी भिंत सापडली. आक्का म्हणाली, "तू उभी राहा, मी काढते," आणि माझा फोन घेतला. तेवढ्यात तो वाजला. आक्काने उचलला, तोही नेमका स्पीकरवर. शेजारीण होती. "अहो, पाणी सोडलंय, कुठे आहात? आज पिंपं भरली नाहीत तर परवापर्यंत टँकरच बघा."

आक्काने माझ्याकडे पाहिलं. मग फोन स्वतःच्या पिशवीत टाकला, पदर खोचला आणि रिक्षाकडे चालायला लागली.

"अगं, आतलं मोठं चर्च राहिलंय," मी मागून म्हटलं.

"ते कुठं पळतंय व्हय? पाणी जाईल."

रिक्षात ती पिशवी मांडीवर घट्ट धरून रस्त्याकडे बघत बसली. झालं, गेली माझी आक्का, असं वाटून मला रडू येत होतं. घरी पोचल्यावर माळ्यावरचा पाइप काढायला मी स्टुलावर चढले, तर तिने मला दंडाला धरून खाली उतरवलं. "गुडघे बघ आधी." पाइप तिनेच काढला, नळाला लावला. फुलदाणी खिडकीत ठेवली, चादर घडी करून माझ्या हातात दिली आणि माझं फॅशनचं टेबल गळ्यापर्यंत भरलं.

पाणी गेल्यावर हात पुसत तिने विचारलं, "दर खेपेला एकटीच करतीस हे?"

"मग कोण करणार?"

तिने पाइप गुंडाळला आणि माळ्यावर न टाकता खालीच, माझ्या हाताशी ठेवला.

"समोरच्या घराची चावी कुणाकडं असते?" ती म्हणाली. "पिंपं कुठं बसतील ते बघून घेऊ."