वाचले व समजले

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घेताय ना, मग ऐकाच. फक्त आमच्या प्लांटमधल्या कोणाच्या कानावर घालू नका. माझी नोकरीच मुळी लोकांना शहाणपण शिकवण्याची आहे.

मी सौदीत, रास अल खैरला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. राहतो जुबैलला, मूळचा नाशिकचा. सेफ्टी ऑफिसर म्हणजे काय, तर सगळे काम करत असताना मध्येच जाऊन "थांबा" म्हणणारा माणूस. हेल्मेट कुठाय, पट्टा कुठाय, परमिट कुठाय. कारखान्यात माझ्यावर प्रेम करणारा एकही माणूस नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

माझी एक खासियत होती. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना धोक्याच्या सूचनांचा कागद वाचायला देतात आणि खाली "वाचले व समजले" लिहून सही घेतात. वाचतं कोण? सगळे सही ठोकून मोकळे. मग मी सहीवाल्याला अलगद धरायचो आणि विचारायचो, "तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय, सांग बघू." समोरचा आकाशाकडे बघायला लागायचा. रात्री घरी मी हे सगळं रंगवून सांगायचो. ज्या आठवड्यातली ही गोष्ट आहे, त्याच गुरुवारी मी असा एक जुना क्रेन ऑपरेटर पकडला होता. बावीस वर्षं क्रेन चालवणारा माणूस. सगळ्यांसमोर त्याला पाऊण तास सुनावलं. न वाचता सही म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा फास, वगैरे.

असो. मासे कुठून आले ते सांगतो.

माझी मुलगी इरा, वय नऊ. इथल्या इंडियन स्कूलमध्ये जाते, मी मराठीत विचारलं की अर्धं इंग्रजीत उत्तर देते. तिला दोन वर्षांपासून मांजर हवं होतं. वैशाली, म्हणजे आमची बायको, म्हणाली की घरात एक हट्टी प्राणी पुरे आहे. तो कोण हे तिने सांगितलं नाही. शेवटी वाटाघाटी होऊन मांजराऐवजी माशांवर तोडगा निघाला.

बाजारात इब्राहिमभाईंचं पक्ष्यांचं आणि माशांचं दुकान आहे. ते हर्णैचे. तीस वर्षं सौदीत काढली, पण मराठी बोलले की समुद्राचा वास येतो. त्यांनी आम्हाला दोन गोल्डफिश दिले, एक लालभडक, एक पिवळट. इराने तिथेच बारसं केलं, मिरची आणि लिंबू. इब्राहिमभाई टाकीबद्दल, पाण्याबद्दल काहीतरी सांगत होते. मी म्हटलं, "भाई, मी सेफ्टीवाला आहे. आमचा रोजचा धंदाच आहे हा." त्यांनी एक कागद दिला, एक वही पुढे केली. मी सही केली, कागद खिशात घातला. तो पुढे पँटबरोबर वॉशिंग मशीनमध्ये धुतला गेला. स्वच्छ निघाला, अक्षर शिल्लक नाही.

आता इथली पाण्याची गंमत तुम्हाला समजली पाहिजे. सौदीत पाण्याची टाकी गच्चीवर, उन्हात. उन्हाळ्यात निळ्या खुणेच्या, म्हणजे गार पाण्याच्या नळाला चहा करावा असं पाणी येतं. मग आम्ही काय करतो? गीझरचं बटण बंद ठेवतो. गीझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात. त्यामुळे त्यातलं पाणी थंडगार होतं आणि लाल नळाला गार पाणी येतं. उन्हाळाभर इथला प्रत्येक शहाणा माणूस लाल नळालाच गार नळ समजतो.

मी तर पुढची पायरी गाठली होती. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी माशांच्या टाकीतलं थोडं पाणी बदलायचं. बादल्या कोण उचलणार? मी लाल नळाला लांब पाइप जोडला, दुसरं टोक टाकीत. मी बाथरूममध्ये नळ सोडायचा, इराने टाकीपाशी उभं राहून "स्टॉप" म्हणायचं. हाताला पाण्याचा थेंब लागत नव्हता. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, मासे मजेत.

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी दुपारी जेवणानंतर मी नेहमीप्रमाणे पाणी सोडलं. पाव टाकी भरली. इरा "स्टॉप" म्हणाली आणि लगेच म्हणाली, "बाबा, काच फॉगी का होतेय?"

मी आलो. टाकीच्या काचेवर धुकं. मिरची वर येऊन तोंड उघडतेय, मिटतेय. लिंबू तिरका झालेला.

"बाबा, आर दे डाइंग?"

तिचे डोळे भरले होते. अशा वेळी शहाणा बाप काय करेल? पाण्यात हात घालेल. पण तुमच्यासमोर बसलाय तो बाप नव्हता हो, सेफ्टी ऑफिसर होता. आमचा पहिला नियम काय? अपघात झाला की घटनास्थळ जसंच्या तसं ठेवायचं! कोणी कशाला हात लावायचा नाही!

मी गाडीतून धोक्याची पिवळी-काळी पट्टी आणली. टाकीभोवती तीन वेढे मारले. चार बाजूंनी फोटो काढले. वहीत लिहिलं, "काचेवर संशयास्पद वाफ." वैशाली म्हणाली, अहो, आधी ते मासे बाहेर काढा. मी तिला शांतपणे समजावलं की पुरावा नष्ट झाला तर दोषी सुटतो. दोषी कोण हे मी ठरवूनच टाकलं होतं. आजारी मासे विकणारा, काही माहिती न देणारा दुकानदार. पट्टीला हात लावू नका असं दोघींना बजावलं आणि निघालो.

शुक्रवारच्या नमाजानंतर दुकान नुकतंच उघडलं होतं. आत दोन गिऱ्हाइकं होती, म्हणजे मला श्रोतेही मिळाले. मग काय विचारता! विक्रेत्याची जबाबदारी या विषयावर मी जे बोललो ते छापण्यासारखं होतं. मुका जीव विकता, तर तो कसा जगवायचा हे सांगायला नको? गिऱ्हाईक बिचारं अडाणी असतं, त्याला माहिती देणं कोणाचं काम? माझी मुलगी घरी रडतेय, त्याचा जबाब कोण देणार?

इब्राहिमभाईंनी सगळं ऐकून घेतलं. माशांचे फोटो नीट बघितले. मग हळूच विचारलं, "साहेब, पान्यात हात घातलात काय?"

"घटनास्थळाला हात लावत नाहीत," मी म्हणालो.

"आज सकाळी घरात कोनी गरम पान्यानं आंघोळ केली काय?"

मी म्हणालो, त्याचा काय संबंध? त्यांनी गल्ल्याखालून वही काढली, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. तसाच दुसरा कागद पानावर चिकटवलेला होता. मी मराठी म्हणून त्यांनी मुद्दाम मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिलेला. आणि तिसरी ओळ होती, "थंडी सुरू झाली की लाल नळाचे पाणी घेण्याआधी गीझर चालू आहे काय ते बघावे. हात घालून बघितल्याशिवाय पाणी टाकीत सोडू नये."

खाली माझी सही. नुसती सही नाही. सवयीप्रमाणे मी वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "वाचले व समजले."

त्या क्षणी मला तो क्रेन ऑपरेटर आठवला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण खाली टाइल्स होत्या.

लगेच घरी फोन लावला. वैशालीला म्हटलं, आधी पाण्यात हात घाल. ती म्हणाली, "तुमची गाडी गेटबाहेर पडायच्या आत मी पट्टी कात्रीने कापली. रात्रीपासून भरून ठेवलेली बादली होती, हळूहळू त्यातलं पाणी मिसळत गेले. दोघं पोहताहेत आता."

जीव भांड्यात पडला. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण तपासनीस तो तपासनीस. मी विचारलं, "गीझर कोणी लावला होता?"

मग ती म्हणाली, "थंडी पडली, थंडी पडली, म्हणत सकाळी तासभर गात आंघोळ कोण करत होतं?"

फोन स्पीकरवर होता. दोन्ही गिऱ्हाइकं पोपटांकडे बघायला लागली. इब्राहिमभाईंनी मला स्टूल दिलं, चहा मागवला, आणि एवढंच म्हणाले, "जाधवसाहेब, सांगनं माझा काम. वाचनं कोनाचा, ते तुमीच ठरवा." वर एक थर्मामीटर दिला. माझी नजर काही वर झाली नाही.

घरी आलो तर टाकीवर पाटी लागली होती, आमच्या कारखान्याच्या गेटवर असते तशीच. "अपघाताविना दिवस: ०." खाली इरा उभी, हातात कागद. म्हणाली, बाबा, इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट. मुख्य कारणापुढे लाल अक्षरात लिहिलं होतं "बाबा". मासे वाचले होते, लेक हसत होती, मला इतकं भरून आलं की पेन घेतलं आणि खाली झोकात सही केली. "वाचले व समजले."

इराने कागद पाठीमागे लपवला.

"बाबा, तिसऱ्या ओळीत काय लिहिलंय?"

मी आकाशाकडे बघितलं. घरात होतो, म्हणून पंखा दिसला.

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "झालेल्या त्रासाची भरपाई म्हणून बाबा एक मांजर आणतील." साक्षीदार म्हणून वैशालीची सही.

सध्या आमच्याकडे दोन मासे आणि एक मांजर आहे. टाकीभोवती पिवळी-काळी पट्टी पुन्हा लागलीय, या वेळी मांजरासाठी. त्याला वाचता येत नाही हे कबूल. पण निदान ते कुठे सही तरी करत नाही.