गुडघ्याच्या मापाची बाकं

सुतारबाबांचा टेपपेक्षा काठीवर भरवसा जास्त. वस्तीने खेटे घालून घालून सरकारी शाळा मंजूर करून घेतली, तेव्हा बाकांचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं. नातीला भिंतीला टेकवून उभं केलं, तिच्या गुडघ्यापाशी काठीवर खूण केली आणि पहिलीच्या वर्गाची सगळी बाकं त्या खुणेवर बेतली. हाताखालचा माणूस कडा घासायला कंटाळला, की ते खेकसायचे, "माझी नात बसणार आहे त्यावर! कुणा साहेबाचं कपाट नाही ते!" त्यातून त्यांचा मुलगाच या शाळेवर मास्तर म्हणून नेमला गेला, तेव्हा तर त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

उद्घाटनाच्या सकाळी नात खोलीतून बाहेर आली, ती नाक्यावरच्या खासगी शाळेच्या गणवेशात.

बाबा मुलावर उखडले. "अरे, तू स्वतः तिथे शिकवणार आणि पोरीला दुसरीकडे घालतोस? लाज कशी वाटत नाही?"

मुलगा बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "बाबा, मी तिथे किती शिकवणार आहे, ते मला ठाऊक आहे ना."

तासाभराने तोच मुलगा फीत कापल्यावर वस्तीला सांगत होता, "ही सगळी माझीच मुलं समजून शिकवीन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलीच्या वर्गात पोरं बाकांवर बसली होती आणि प्रत्येकाचे पाय जमिनीला नीट टेकत होते. बाबांना ते बघवेना.