त्या नमुन्यातलं सोनं

तुमचे आजोबा गेले त्या सकाळी मी दूध तापवत होते. चहासाठी आतून हाक आली नाही, म्हणून बघायला गेले... पुढचं तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. आता महिना उलटला. परवा धाकटीनं विचारलं, "आजी, आजोबा सोनं शोधायचे ना? मग सापडलं का?" त्याचं नीट उत्तर देणं माझ्याकडून राहिलं होतं.

लग्नानंतर महिन्याभरात मी सोलापूरहून त्यांच्या भूगर्भ खात्याच्या कॅम्पवर गेले. अक्कलकोट मागं टाकून दक्षिणेला, पार कन्नड मुलखात. आपल्याकडचा काळा दगड ज्वालामुखीचाच, पण तिथला त्याहून कितीतरी जुना, हिरवट. आधी ओढ्याच्या वाळूत सोन्याचे कण दिसले होते, मग चर खणले होते. आता खोलवर ड्रिल लावायचं की गाशा गुंडाळायचा, हे चरातल्या नमुन्यांवर ठरणार होतं. नमुने कुटताना ते अंगठी काढून ठेवत. मी रुसले. "अहो, लग्नाला महिना नाही झाला आणि माझ्या बाबांनी घातलेली अंगठी डब्यात?" ते हसले, आणि त्या दिवशी अंगठी घालूनच त्यांनी दगडाचं पीठ हातानं कालवलं.

प्रयोगशाळेचा निकाल आला तेव्हा कॅम्पवर पेढे वाटले. एका नमुन्यात भरपूर सोनं निघालं होतं. मजुरांचा मुकादम मल्लप्पा मला म्हणाला, "वैनी, आता आमची पोरं गाव सोडत न्हाईत बघा. हितंच खाण!" तुमचे आजोबा मात्र वहीत त्या नमुन्याची नोंद बघत बसले. मग बोटातली अंगठी काढून त्यांनी भिंगाखाली धरली... कडेला ताजे ओरखडे होते.

अंगठीचंच सोनं झिजून नमुन्यात मिसळलं असावं, असा अहवाल त्यांनी वरिष्ठांना पाठवला, त्याच जागेचे नमुने पुन्हा घेतले. सोनं होतं, पण नावापुरतं.

मल्लप्पा चिडला. "साहेब, गप बसला असता तर कुणाला कळलं असतं वो?"

"तुमची शेतं खणून झाल्यावर सगळ्यांनाच कळलं असतं की."

"लई खरं बोलता तुमी. त्यानं पोट भरतंय व्हय?"

कॅम्प उठला. त्यांची बढतीही पुढं कितीतरी वर्षं अडकली. घरात त्यांनी तो विषय कधी काढला नाही, मीही नाही. ते विसरले असतील, असं मी सोयीनं मानून घेतलं.

तेराव्यानंतर त्यांचं कपाट लावताना त्या अहवालाची कार्बन प्रत हाती आली. इंग्रजीत टाइप केलेली. नमुना तयार करताना माझ्या हातात सोन्याची अंगठी होती, ही चूक सर्वस्वी माझी, असं लिहून खाली त्यांची सही. मी शेवटपर्यंत वाचलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. माझा उल्लेख कुठंही नाही.

तर बाळांनो, सोनं सापडलं नाही. ती प्रत मी त्यांच्याच कप्प्यात परत ठेवली आहे. सहीखाली पेन्सिलीनं एक ओळ तेवढी घातली आहे: अंगठी घालायचा हट्ट माझा होता. त्यांच्या कागदांवर दुसऱ्या कुणी काही लिहिलेलं त्यांना मुळीच खपत नसे... एवढं खपवून घेतील.