मळणीवरची हजेरी

"गळ्यातलं काढ आधी. मग नाव सांग."

नव्या पोराशी मावशीची ओळख अशी व्हायची. बोलता बोलता तिचा हात पुढं आलेला असायचा आणि टॉवेल, मफलर, ओढणी, जे काही लोंबत असेल ते तिच्या मुठीत गेलेलं असायचं. पोरींच्या वेण्या ती स्वतः करकचून अंबाड्यात बांधायची. बाई नेसरीकडची. सोयाबीनच्या दिवसांत भावाबरोबर मळणी मशीन घेऊन आमच्या पेठ वडगावच्या बाजूला यायची. भाऊ ट्रॅक्टर चालवायचा. तिला तसं काही काम नव्हतं, असं आम्हाला वाटायचं. मशीन घेऊन हिंडणाऱ्या लोकांत अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. नीट बघितलं नसेल, इतकंच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होतो आणि हिरो होतो. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. हातखर्चासाठी मळणीला गेलो तोच मुळी ढगळ बाह्यांचा नवा शर्ट घालून, कारण पेंढ्या उचलायला पोरी असणार. मावशीनं मला पायापासून वर न्याहाळलं.

"लग्नाला आलाईसा व्हय पावणं?"

"फॅशन हाय मावशी."

"मशिनीला फॅशन कळत न्हाय."

आणि तिनं विळ्यानं माझी एक बाही कोपरापासून कापली. दुसरीला हात घालणार तोवर मी पळालो. मग तिनं मला मशीनजवळ येऊच दिलं नाही. एका बाहीनिशी दिवसभर घागरीनं पाणी वाहिलं. पोरींनी माझ्याकडं भरपूर बघितलं, पण मला हवं होतं तसं नाही.

मशीन सुरू व्हायच्या आधी ती पत्र्यावर थाप मारायची आणि एकेकाचं नाव घ्यायची. ज्यानं त्यानं उभ्या जागेवरून ओ द्यायची. कोण कुठं आहे हे कळल्याशिवाय भाऊ किल्लीला हात लावायचा नाही. इथवर ठीक. सगळ्यात शेवटी मात्र ती हाक मारायची, "किसन्या!"

किसन्या नावाचं आमच्यात कुणीच नव्हतं.

ती थांबायची. मान थोडी कलती करून ऐकत राहायची. वाळलेली एखादी शेंग उन्हानं तडकली तरी दचकायला व्हावं, इतकं शांत. मग म्हणायची, "बरं. लांबच ऱ्हा." तेव्हा कुठं मशीन धडधडायला लागायचं.

भावानं एकदा बिडी ओढता ओढता सांगितलं. किसन्या तिचा पोरगा. पहिलीतला. शाळेला सुट्टी म्हणून तिनंच त्याला मळणीला आणलेलं. गळ्यात टॉवेल होता. एवढं बोलून तो विझलेल्या बिडीकडं बघत बसला.

हे कळल्यावर शहाण्या माणसानं जीभ आवरली असती. मीही आवरली, थोडे दिवस.

त्या दुपारी रानाच्या मालकीणबाई जेवणाची बुट्टी घेऊन आल्या होत्या. भाकऱ्या झाल्या. ऊन असं की झाडावर कावळासुद्धा नाही. आम्ही जागेवर गेलो, मी गंजीच्या मागं. मावशीनं पत्र्यावर थाप मारली, सगळ्यांनी ओ दिली. शेवटी हाक आली, "किसन्या!"

शेजारच्या पोरी हसतील या एकाच आशेवर मी नाक दाबलं आणि बारीक आवाज काढला, "ओ आये!"

कुणीही हसलं नाही. भावाचा हात किल्लीवर तसाच राहिला. मावशी वळली, पण माझ्या बाजूला नाही.

"मावशी, मी होतो," मी गंजीमागून बाहेर आलो. "चेष्टा केली."

"तुझं ऐकलं मी. तू गंजीमागनं बोल्लास." तिची नजर मशीनच्या बुडाशी लागली होती. "दुसरा खालनं बोल्ला."

"दुसरा कोन?" भाऊ म्हणाला. "अक्का, एकच आवाज आला की."

"किल्ली काढ."

"अगं पर..."

"काढ म्हंते न्हवं!"

ती गुडघ्यांवर बसली आणि मशीन आणि ट्रॅक्टरच्या मधल्या सावलीत, मशीन फिरवणाऱ्या पट्ट्याखाली, रांगत आत गेली. तिच्या बांगड्या पत्र्यावर घासल्या. मग काहीच ऐकू येईना. बाहेर आली ती पाठमोरी, सरकत, छातीशी मालकीणबाईंची नात धरून.

पोरगी आजीच्या मागून आली होती. ती घरी परतली, असं सगळ्यांनीच धरलं होतं. तिचं नाव हजेरीत येणार कसं? गार सावली बघून ती आत शिरली होती आणि पट्ट्याला डोकं टेकून झोपली होती. फ्रॉकचा बंद पट्ट्याखाली अडकला होता. तो सोडवायलाच मावशीला वेळ लागला होता.

पोरगी झोपेत बडबडली असेल, असं मी आजवर कित्येकांना समजावलं आहे. पण आजीनं हंबरडा फोडला तरी ती जागी झाली नव्हती, हे सांगायचं टाळतो. गंजीमागच्या पोरींना विचारलं, तर त्या शपथेवर सांगतात की त्यांनी फक्त माझा आवाज ऐकला. मी स्वतः काय ऐकलं? मी नाक दाबून ओरडत होतो. मला काय ऐकू येणार, कप्पाळ!

मालकीणबाई पाया पडायला वाकल्या. मावशीचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं पोरीला आजीच्या हवाली केलं, पदर झाडला आणि भावाला म्हणाली, "मी जाते गावाकडं. आता मशिनीपाशी न्हाय थांबायचं आमी."

भावानं 'आमी' म्हणजे कोण ते विचारलं नाही. पुढच्या सुगीला तो एकटाच आला. आम्ही मावशीचं विचारलं की पाना घेऊन नट आवळत बसायचा.

भर उन्हात ती बांधावरून एसटीच्या रस्त्याकडं निघाली. बांध चांगला रुंद होता, तरी ती एका कडेनं चालली होती, दुसरीकडं जागा सोडून. डावा हात अंगापासून किंचित लांब, एक बोट खाली धरलेलं. एरवी ढांगा टाकणारी बाई, आता पावलं अगदी लहान होती. पाटापाशी ती थांबली. वाकली. दोन्ही हातांनी काहीतरी उचलून कडेवर घेतलं आणि पाण्यात पाय चाचपत पलीकडं गेली.

पलीकडं कोरडी वाट होती. तरी तिनं त्याला खाली उतरवलं नाही.