मावसाजींचे खिळे

माझ्या मावसाजींइतका कोणावरही विश्वास न ठेवणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात झाला नसेल. हा अविश्वास माणसांच्या सचोटीबद्दल नव्हता. वस्तू जिथल्या तिथे ठेवण्याच्या त्यांच्या कुवतीबद्दल होता. सन साठच्या आसपास ते अकोल्याला जठारपेठेतल्या एका छापखान्यात फोरमन होते, पण मशीन, शाई, कागद यांच्याकडे ते शेजाऱ्याच्या गुरांकडे पाहावं तसं पाहत. त्यांचं राज्य लाकडी केसांपुरतं. केस म्हणजे पुष्कळ खणांची उथळ पेटी, आणि त्या खणांत अक्षरवार टाकलेले शिशाचे खिळे. मी शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटल्यावर तिथे प्रुफं वाचायला जाई. माझा हात केसेकडे वळला की आपण या पोराच्या सख्ख्या मावशीचे यजमान आहोत, हे ते साफ विसरत.

कोणता टाईप कोणत्या कामाचा, हे त्यांनी एकदा ठरवलं ते ठरवलं. कोर्टाच्या नोटिशीचा टाईप नाटकाच्या जाहिरातीला मिळत नसे. एकदा एक देशमुख वडिलांच्या तेरवीची पत्रिका छापायला आले आणि त्यांनी नमुन्यांतला वेलबुट्टीचा टाईप पसंत केला. मावसाजी म्हणाले, "हा लग्नाचा आहे. तेरवीले नाही लागत." वडिलांना थाटामाटाची हौस होती, असं देशमुखांनी सांगून पाहिलं. "मंग ते असतानी छापाचं होतं," मावसाजी म्हणाले आणि साधा टाईप काढायला वळले. घरी मावशीने त्यांना स्वयंपाकघरात मज्जाव केला होता. तिचं म्हणणं, "ह्यायले डाळ निवडाले देल्ली, तं तुरीतही दोन जाती काढतात."

अशा माणसाने पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस अमरावतीला जावं, आणि नेमक्या त्याच चार दिवसांत गावातल्या एका पुढाऱ्याचा गौरव अंक छपाईला यावा. अंकात ज्यांनी ज्यांनी पुढाऱ्याला हार घातला त्या सर्वांची नावं होती, आणि प्रत्येक नावाआधी 'श्रीमान' किंवा 'श्रीयुत' होतं. 'श्री' हा एकच अखंड खिळा. सोळाव्या पानापर्यंत छापखान्यातले त्या मापाचे, बारा पॉइंटाचे, सगळे श्री संपले. एखाद्याचा मान कमी करावा, असं कोणाच्या मनात आलं नाही. पुढाऱ्याची माणसं बाकावर चहा पीत बसलेली. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी सरळ बाजूची केस ओढली. तीही बारा पॉइंटाची, पण तिचे खिळे दुसऱ्या ओतशाळेत, म्हणजे टाईप ओतणाऱ्या कारखान्यात, घडलेले. आधी श्री घेतले, मग माननीयचे मा, न आणि य, आणि मग एकूणच संकोच गेला. छापून झाल्यावर खिळे सोडवले आणि हाताला लागेल त्या केसेत टाकले.

मावसाजी परतले. त्यांनी एक खिळा उचलला, अंगठा फिरवला, दुसरा उचलला आणि स्टुलावर बसले. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. एका ओतशाळेची खाच दुसरीच्या खाचेपेक्षा किंचित वर. बाकी सारं एक. मालकाने चटकन निकाल दिला, की दोन्ही केसा वितळवायला धाडाव्यात आणि नवा टाईप आणावा. नाहीतरी फरक कोणाला दिसतो?

"मले दिसते," मावसाजी म्हणाले.

मालक भला माणूस. दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायच्या आत निवडून झालं तर ठेवू, नाहीतर ओतशाळेचा माणूस येईल आणि घेऊन जाईल, असं ठरलं. रोजचं काम काही सुटणार नव्हतं. म्हणून मावसाजी छापखाना उघडायच्या तासभर आधी येत, दुपारची जेवणाची सुट्टी त्यातच घालत आणि खिडकीपाशी पोत्यावर बसून हजारो खिळे एकेक करून अंगठ्यावरून फिरवत. तापातही आले. अंगठ्याचं कातडं काळं पडून सोललं, तेव्हा दुसरा अंगठा कामाला लावला. मी एकदा मदत केली. त्यांनी मी निवडलेले मूठभर खिळे तपासले आणि पुन्हा ढिगात टाकले.

मध्येच तो पुढारी आभार मानायला छापखान्यात आला. म्हाताऱ्याला पोत्यावर बसलेलं पाहून त्याने चौकशी केली, की आजोबा काय करून राहिले.

"तुमचे श्री येचून राहिलो, साहेब."

त्याला हा आपला गौरवच वाटला. त्याने वाकून नमस्कार केला. मावसाजींनी मान वर केली नाही; मोजणी नव्हती, पण लय होती, आणि ती मोडली असती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ढीग संपला. मालकाने दोन्ही केसांवरून नजर फिरवली, दोन-चार खिळे उलटसुलट केले, आणि राहू द्या म्हणाला. मावसाजींनी पाणीसुद्धा न पिता एकच ओळ दोन्ही टाईपांत जुळवली, दोन प्रुफं काढली आणि माझ्यासमोर धरली. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, हे घरात सर्वांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे.

"पाय बरं, मास्तर. दिसते का फरक?"

मी पाहिलं. उजेडाकडे धरून पाहिलं. दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा उद्योग, आणि मला त्या दोन ओळींत तसूभर फरक दिसेना.

"दिसतो ना, मावसाजी. अगदी स्पष्ट."

"मंग झालं," ते म्हणाले आणि अंगठे धुवायला मोरीकडे गेले.

ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ती दोन प्रुफं माझ्या टेबलाच्या खणात आहेत. अधूनमधून काढतो, चष्मा पुसतो, शेजारी शेजारी ठेवतो. अजून काही दिसत नाही. पण पाहणं सोडलेलं नाही.