जुन्या ब्रेक-डिस्कवरची खडूची फुली

मंडळी, कन्नड घाटाच्या आसपास कुणी असाल तर आधी या पोस्टचा शेवट वाचा.

गेल्या महिन्यात मी माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारला मोठे ब्रेक बसवले. आता नुसता पाय टेकवला की गाडी जागेवर उभी. काढलेल्या ब्रेकच्या जुन्या डिस्क भंगारात टाकायला जीव होईना. लासूर स्टेशनच्या आपल्या संदीपकडं हेच मॉडेल आहे, म्हणून त्याला देऊन टाकल्या. परवाच त्यानं त्या बसवल्या.

आज सकाळी गारखेड्यात गॅरेजवर गेलो. चाक खोलता खोलता, ब्रेक बसवणाऱ्या रफिकभाईंनी विचारलं, "वो पुरानी डिस्क भंगार में दिये ना?"

"नाय, दोस्ताला दिल्या."

त्यांचा हात थांबला. "अरे, एक में क्रॅक था. बाल के इत्ता. मैं खडू से फुली मारा था ना उसपे!"

फुली होती. मला वाटलं, डावी-उजवी कळावी म्हणून केलेली खूण असंल. देताना वस्तू बरी दिसावी म्हणून मीच ती डिझेलनं घासून पुसली.

संदीप आज बायको-लेकरांना घेऊन चाळीसगावला निघालाय. म्हणजे भरल्या गाडीनं घाट उतरणार. तासभर झाला, फोन लागत नाय. मी निघतोय, पण तो लई पुढं आहे.

लाल गाडी, मागच्या काचेवर आपल्या ग्रुपचं स्टिकर. दिसली तर आडवे व्हा, पण घाटाच्या अलीकडंच थांबवा. का म्हणून विचारलं तर सांगा, डिस्कला क्रॅक आहे, त्याच्यावरची फुली मी पुसली.