आधी पाय दाखव

अण्णा गेल्याचं मला आमच्याकडे कामाला असलेल्या भरमानं फोनवर सांगितलं. मी येळ्ळूरहून उद्यमबागेत कामाला येणाऱ्या बसमध्ये उभी होते. "म्याडम, अण्णा गेलं. झोपेतच. तुम्ही सरळ खासबागला त्येंच्या घराकडं या, फाउंड्रीकडं जाऊ नका," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. परशराम अण्णा आमच्या आठ कामगारांच्या छोट्या फाउंड्रीचे, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याचे, मालक. त्यांनी मला पहिली नोकरी दिली, कागद वाचायला शिकवलं. लिहायला लाज वाटते, पण ते गेले हे कळल्यावर रडू येण्याआधी माझ्या मनात आलं ते एक फाडलेलं पान. त्याबद्दल आता कुणाला विचारायचं? आणि भरमा फाउंड्रीकडं का जाऊ नको म्हणाला? फाउंड्री बंद होती म्हणून, दुसरं काही नाही. पण तेव्हा तेही मला संशयास्पद वाटलं... या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बी.कॉम.चा निकाल लागल्यावर वडील मला स्वतः उद्यमबागेत घेऊन आले होते. अण्णा फाटकातच उभे होते. मी मार्कलिस्ट पुढे केली. ती त्यांनी हातातही घेतली नाही. "ते ऱ्हाऊ दे. आधी पाय दाखव." मी मुलाखतीसाठी नव्या सँडल घातल्या होत्या. "ह्या घालून आत आलीस तर रसाचा एक थेंब पुरे हाय. रस म्हंजे वितळल्यालं लोखंड, उसाचा न्हवं." मग त्यांनी फाटकाजवळच्या एका लोखंडी कपाटाचं कुलूप काढलं आणि दहा नंबरच्या खणातले बूट मला दिले. दोन मापं मोठे होते. ते घालूनच मी ऑफिसातल्या खुर्चीवर बसले, आणि बारा वर्षं झाली तरी तिथेच बसते.

ते कपाट म्हणजे अण्णांच्या संशयी स्वभावाचं घरच होतं. प्रत्येक कामगाराचे बूट सकाळी त्यातून मिळायचे आणि सुटी झाली की परत त्यात जायचे. किल्ली अण्णांच्या करगोट्याला. सुरुवातीला मला हे फार अपमानाचं वाटे. बूट काय चोरतील ही माणसं? मग भरमाचीच गोष्ट कळली. भरमा आमचा सगळ्यात जुना ओतणारा, म्हणजे रसाचं भांडं धरून साच्यात रस ओतणारा. पहिल्यांदा नवे बूट वाटले तेव्हा तो ते घालून खानापूरला मेव्हणीच्या लग्नाला गेला, आणि मळतील म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर जुन्या कॅनव्हासच्या बुटात आला. दुसऱ्या एकानं आपले शेतात पाणी पाजणाऱ्या भावाला दिले होते. "कंपनीचं बूट एवढं झ्याक, ते भट्टीपाशी कोण घालंल?" असं भरमा अजूनही सांगतो. त्या दिवसापासून कुलूप. रोज सकाळी अण्णा फाटकात उभे राहून एकेकाला थांबवायचे, "पाय दाखव," आणि बुटांचे तळवे तपासल्याशिवाय कुणाला आत सोडायचे नाहीत.

कागदांवरही त्यांचा तसाच संशय. वॉचमन धरून आठ कामगार आणि मी, अशी आमच्याकडे माणसं दहाच्या आत असल्यामुळे ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा योजना, लागू नव्हती, म्हणून दरवर्षी कामगार भरपाईची विमा पॉलिसी काढावी लागे. मालकाला कायद्यानं जी भरपाई द्यावी लागते ती विमा कंपनी देते, आणि तिचा प्रीमियम कामगारांचे पगार आणि कामातला धोका यांवर ठरतो. माझ्या पहिल्याच वर्षी एजंटनं मला बाजूला घेऊन सांगितलं की तिन्ही ओतणाऱ्यांना पॅकिंगचे मदतनीस दाखवा, पगार थोडे खाली धरा, प्रीमियम निम्म्यावर येईल. मला वाटलं, शिकलेल्या मुलीनं मालकाचा फायदा करून दाखवायची हीच वेळ. मी तसा अर्ज भरला. सही घ्यायला गेले तर अण्णांनी चहाच्या वेळी सगळ्यांना सावलीत बसवलं. "वाच. नाव, पगार, काम. ज्याचं त्यानं व्हय म्हणायचं, मग मी सही करणार."

मी वाचायला लागले. "भरमा... पॅकिंग मदतनीस."

भरमानं बशी खाली ठेवली. "मी प्याकिंगला? मग रस कोण ओततंय, माझी सासू?"

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "कुणी शिकीवलं गं हे?"

"एजंट म्हणाले, सगळीकडे असंच..."

"उद्या ह्येचा हात भाजला तर कंपनी इचारंल, प्याकिंगवाला भट्टीपाशी काय करत हुता? तवा एजंट येतोय व्हय सांगायला? आन् पगार कमी लिवलास तर भरपाई बी तेवढ्याचीच. उरल्यालं कोण देणार, तू?"

मी अर्ज पुन्हा लिहिला. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी काढलं नाही. पण महिनाभर मी लिहिलेला प्रत्येक कागद भरमाकडून मोठ्यानं वाचून घेतला, आणि भरमा सातवी शिकलेला. "म्याडमचं अक्षर चांगलं हाय, मजकुराचं बघू," असं म्हणून तो सुरुवात करायचा.

प्रीमियम खरंच कमी झाला, पण वेगळ्या वाटेनं. आधीच्या एजंटांनी ऑफिसात माझ्या जागेवर असलेल्या माणसाचा आणि वॉचमनचा पगारही भट्टीच्या धोक्याच्या दरात घातला होता, तो आम्ही वेगळा दाखवला. पगार अंदाजानं न लिहिता हजेरीपुस्तकावरून लिहिले. आणि अण्णांनी एक अपघातवही सुरू केली. सदऱ्याला ठिणगीचं भोक पडलं तरी त्यात लिहायचं. पानांवर नंबर त्यांनीच घालायला लावले, कुणी पान फाडू नये म्हणून. काही महिन्यांनी ती वही वाचताना लक्षात आलं की बहुतेक चटके जेवणाच्या सुटीआधीच्या शेवटच्या ओतणीत बसतात. भूक आणि घाई. अण्णांनी ती ओतणी जेवणानंतर ठेवली आणि चटके जवळजवळ थांबले. बरीच वर्षं एकही भरपाईची मागणी गेली नाही. विमा कंपनीच्या अधिकाऱ्यानं वही चाळली आणि नूतनीकरणाला दर खाली आणला. शेजारचे छोटे कारखानदार विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना अजून हेच सांगते.

आणि त्याच वहीतलं एक्केचाळीसावं पान चार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या जरा आधी, नाहीसं झालं.

त्या आठवड्यात मी आईच्या आजारपणामुळे दोन दिवस रजेवर होते. परत आले तर अण्णा नाहीत. "निपाणीला भावाकडं गेल्यात," भरमा म्हणाला, माझ्याकडे न बघता. आठही कामगार हजर, सगळे धडधाकट. पण भट्टीजवळच्या वाळूत मला चामडी चपलेचा जळालेला अंगठा सापडला. आत तर सगळे कपाटातले बूट घालून काम करतात, मग ही चप्पल कुणाची? वही उघडली तर चाळीसनंतर बेचाळीस. मी अण्णांच्याच हाताखाली तयार झालेली. धागे जुळवायला मला वेळ लागला नाही. यादीत नसलेला नववा माणूस रोजावर आणला असणार, तो भाजला असणार, आणि निपाणीला त्याच्या घरच्यांना गप्प करायला अण्णा गेले असणार. पंधरा दिवसांनी अण्णा आले ते खाली मान घालून, हळू पावलं टाकत. नूतनीकरणाचा अर्ज टेबलावर होता आणि त्यात रकाना होता, गेल्या वर्षात कामगारांना झालेले अपघात.

"अण्णा, एक्केचाळीसावं पान कुठं आहे?"

"लिव, न्हाय म्हणून."

"पण पान..."

"लिव म्हटलं की. खोटं न्हाय ते."

मी लिहिलं. माझ्या हातानं. धाकट्या बहिणीचं शिक्षण त्या पगारावर चाललं होतं. पण त्यानंतर चार वर्षं मी त्या माणसाशी मोकळं बोलले नाही. ज्यानं मला खरा कागद लिहायला लावला, त्यानंच माझ्याकडून खोटा लिहून घेतला असेल, तर मी त्याच्याकडून शिकले तरी काय? बसमध्ये कुणी भाजल्याच्या खुणेचा माणूस दिसला की वाटे, हाच असेल का... फाटकातही एक बदल झाला होता. अण्णांनी सगळ्यांचे पाय तपासले की भरमा वळून म्हणायचा, "अण्णा, आता तुमचा पाय दावा." अण्णा निमूटपणे पाय पुढे करायचे. मला ती गुपित जपणाऱ्यांची आपापसातली चेष्टा वाटे, आणि रोज सकाळी राग येई.

तेराव्यानंतर अण्णांच्या पत्नी, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, त्यांनी फाउंड्री चालू ठेवायचं ठरवलं आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. मी आणि भरमा कपाट साफ करत होतो. एक नंबरचा खण अण्णांचा. बूट उचलले, खाली अंथरलेला पिवळा पडलेला पेपर काढला, आणि त्याखाली घडी घातलेलं पान. एक्केचाळीस. अण्णांचं वाकडं अक्षर: 'ओतताना भांडं हिंदकळलं. डावा पाय भाजला. पायात चप्पल होती. मालक.'

मी भरमाकडे बघितलं. "नववा माणूस कोण होता?"

"कसला नववा? अण्णाच की. एक जण आला नव्हता, म्हणून त्येनी भांडं धरलं. आमचं पाय तपासलं आन् सोता चपलेवर. मालकाला कोण इचारणार?" मग तो कपाटाच्या दारालाच सांगितल्यासारखं बोलला, "तुमास्नी सांगू नका म्हणालं. लई लाज वाटली त्येस्नी. म्हणालं, पोरगी काय म्हणंल."

मालक कामगारांच्या यादीत नसतो. पॉलिसी त्याच्या दुखापतीला लागू नसते. मी 'नाही' लिहिलं ते अक्षरशः खरं होतं. तरीही, पान हातात असूनही, माझा विश्वास बसेना. ते नंतर लिहून ठेवलं असेल तर? मी त्याच दिवशी खासबागला गेले आणि आक्कांना विचारलं. त्या गहू निवडत होत्या, रडत हसल्या. "निपाणीला हुते पंधरा दीस, धाकट्या दिराकडं, पाय उशीवर ठिवून. पायाची करंगळी तर न्हवतीच मागनं. आन् तू हे तपासाया आलीस? त्येंचीच हायीस गं तू."

अण्णांनी मला सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. चार वर्षं मी त्यांना ज्या नजरेनं बघितलं, ती नजर त्यांना कळली नसेल असं नाही. आणि त्या चार वर्षांत भरमाला एकदा नीट बसवून विचारणं मलाही जमलं असतं. मी वाळूत अंगठे शोधत बसले...

पान मी वहीत चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये चिकटवलं. त्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर ते मोठ्यानं वाचलं, आणि आठही जणांनी "व्हय" म्हटलं. एक नंबरचा खण मी रिकामा ठेवला नाही. अण्णांचे बूट तिथेच आहेत, डाव्याच्या आत पुढे कापसाचा बोळा अजून तसाच. सकाळी मी कुलूप काढते, आठ जोड देते, फाटकात उभी राहून एकेकाचे पाय बघते. शेवटी भरमा वळतो. त्याला बोलावं लागू नये म्हणून मी त्याआधीच माझा दहा नंबरच्या खणातला, दोन मापं मोठा बूट पुढे करते. तो वाकून तळवा नीट बघतो, मग मला आत सोडतो.